गादीखालचा अंक

आमचं घर ग्वाल्हेरचं, लष्करातलं. 1984 चा उन्हाळा असेल. आजीने गाद्या उन्हात टाकायला काढल्या आणि काकांच्या गादीखालून एक इंग्रजी मासिक निघालं, 'डेबोनेर'. आजीला इंग्रजी येत नव्हतं, पण मधल्या पानावरचा फोटो बघायला इंग्रजी कशाला लागतं? अंक थेट न्हाणीघरातल्या बंबात गेला. काका एवढंच म्हणाले, "आई, त्यात कविता होत्या गं." सगळे हसले. मीही हसलो.

'डेबोनेर' म्हणजे अमेरिकेच्या 'प्लेबॉय'ची देशी नक्कल. जपानमध्ये 1975 पासून शुएइशा ही प्रकाशनसंस्था 'प्लेबॉय'ची रीतसर जपानी आवृत्ती काढत होती. आपल्याकडे ते जमणारं नव्हतं. परदेशी मालकीचं नियतकालिक इथे काढू द्यायचं नाही, हे केंद्र सरकारचं 1955 पासूनचं धोरण. वर अश्लील मजकुराच्या विक्रीसाठी दंड संहितेचं कलम 292 होतंच. मग मुंबईतच मासिक निघालं. 1974 मध्ये विनोद मेहता संपादक झाले आणि फोटोंच्या जोडीने मुलाखती, लेख, कथा भरपूर येऊ लागल्या. पुढे इम्तियाज धारकर कवितेचं पान बघत.

आपल्या ग्वाल्हेरच्या अटलजींचा किस्सा मेहतांनी आत्मचरित्रात दिलाय. मासिक चांगलं आहे, पण उशीखाली ठेवावं लागतं, असं अटलजी त्यांना म्हणाले होते. म्हणजे आमचे काका काही एकटे नव्हते! आणि गंमत बघा, जून 2002 मध्ये छापील माध्यमं परदेशी भांडवलाला खुली झाली ती अटलजींच्याच सरकारात. बातम्यांच्या पत्रांना 26 टक्के, बाकीच्या विषयांच्या मासिकांना 74 टक्के. त्यानंतर पाच-सहा वर्षांत 'मॅक्सिम', 'मेन्स हेल्थ', 'जीक्यू' यांच्या भारतीय आवृत्त्या आल्या. सगळ्या इंग्रजीत. सूट, घड्याळं, व्यायाम आणि बेताबेताने कपडे घातलेल्या नट्या. गादीखाली लपवावं असं त्यात फारसं काही उरलं नव्हतं.

पण नावाची बदनामी चित्रं काढून टाकली म्हणून जात नाही. इंडोनेशियात एप्रिल 2006 मध्ये 'प्लेबॉय'ची आवृत्ती निघाली. नग्न चित्र एकही नाही. पहिल्याच अंकात प्रमूद्या अनंत तूर या थोर लेखकाची मुलाखत. तरी जकार्तातल्या कचेरीवर दगडफेक झाली, बिऱ्हाड बालीला हलवावं लागलं. संपादक एर्विन अर्नादा खालच्या कोर्टात सुटले, पण वरच्या कोर्टाने दोन वर्षांची शिक्षा दिली. 2010 मध्ये ते तुरुंगात गेले आणि 2011 मध्ये निर्दोष ठरून बाहेर आले. अंक उघडून किती जणांनी पाहिला असेल, देव जाणे.

काका गेले तेव्हा त्यांची पत्र्याची ट्रंक मी उघडली. बँकेची पासबुकं, जुने दिवाळी अंक, आणि खाली सुतळीने बांधलेला एक गठ्ठा. 'डेबोनेर'चीच पानं, नीट कापून ठेवलेली. फोटो एकही नाही. सगळ्या कविता आणि मुलाखती. काही ओळींखाली पेन्सिलीच्या रेघा.

आजी तर केव्हाच गेली. त्या दिवशी हसलेल्यांपैकी आता मी आणि ताई, दोघंच उरलोय. ताईला फोन करून सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आपण तेव्हा एकदा तरी विचारायला हवं होतं रे, कुठली कविता म्हणून."