ती रांग कशाची होती?

शांताल अ‍ॅकरमन या बेल्जियन दिग्दर्शिकेचा ‘द’एस्त’ म्हणजे ‘पूर्वेकडून’ हा माहितीपट १९९३चा. निवेदन नाही, मुलाखती नाहीत, गावांची नावेही नाहीत. कानावर पडणाऱ्या बोलण्याचे भाषांतरही दिलेले नाही. उन्हाळ्याच्या अखेरीस पूर्वीच्या पूर्व जर्मनीतून निघालेला कॅमेरा पोलंड, युक्रेन असे करीत भर हिवाळ्यात मॉस्कोला पोचतो. वाटेत दिसते ते मुख्यतः एकच : थांबलेली माणसे. बसथांब्यावर, बर्फात, स्टेशनच्या प्रतीक्षालयात बोचक्यांवर बसलेली. कॅमेरा त्यांच्यासमोरून संथपणे सरकत राहतो. कुणी टक लावून पाहते, कुणी वैतागून तोंड फिरवते.

अशा चित्रपटाला इतिहासाचे साधन मानावे का? माझे उत्तर ‘हो’ असे आहे. पण हे साधन एकट्याने वाचू नये.

आपल्याकडच्या रॉकेलच्या रांगा आठवणाऱ्याला पडद्यावरची गर्दी पाहून वाटते, ही सोव्हिएत काळातली टंचाईची रांग. तारखा वेगळे सांगतात. २५ डिसेंबर १९९१ला गोर्बाचेव्ह पायउतार झाले आणि २ जानेवारी १९९२ला रशियात बहुतेक किमतींवरील सरकारी नियंत्रण उठले. दुकानांत माल दिसू लागला, रांगा ओसरल्या. पण त्या एका वर्षात किमती सुमारे २६ पट झाल्या. आयुष्यभराची बचत पाहता पाहता मातीमोल झाली. २९ जानेवारीच्या हुकमाने कुणालाही रस्त्यावर उभे राहून वस्तू विकण्याची मुभा मिळाली, तेव्हा घरातले किडूकमिडूक घेऊन लोक फुटपाथवर आले. म्हणजे पूर्वी घ्यायला उभे राहणारे आता विकायलाही उभे राहू लागले. हा फरक नुसत्या चित्रावरून ओळखणे कठीण आहे.

उलट बाजूही आहे. हुकमाच्या कागदात थंडी नसते. स्वयंपाकघरात मुकाट्याने सॉसेज कापणारी बाई कुठल्याही आकडेवारीत सापडत नाही. राज्य कोसळल्यावरही सहाची बस धरावी लागते, हे दप्तरखान्यात बसून कळायला फार वेळ लागतो. (मला तरी लागला.)

गावांची नावे गाळण्याबद्दल मात्र माझी तक्रार आहे. युक्रेन कुठे संपला आणि रशिया कुठे सुरू झाला, हे चित्रपट सांगत नाही. १ डिसेंबर १९९१च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक युक्रेनी मतदारांनी स्वातंत्र्याला कौल दिला होता. तो सारा प्रदेश एका ‘पूर्वे’त विरघळवणे तेव्हा चालून गेले असेल; २०२२च्या आक्रमणानंतर ते खटकते.

पण अ‍ॅकरमन यांची ‘पूर्व’ नकाशावरची नव्हतीच. त्यांची आई पोलंडमधल्या ज्यू कुटुंबातली, ऑशविट्झमधून वाचलेली. बर्फातून बोचकी घेऊन चाललेली माणसे त्यांना १९९२ची तेवढी दिसत नव्हती, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. आधीच्या दुसऱ्याच रांगा त्यामागे उभ्या होत्या.

१९९५ साली त्यांनी याच चित्रपटाचे कलादालनासाठी मांडणीशिल्प केले. एका दालनात संपूर्ण चित्रपट, दुसऱ्यात २४ पडद्यांवर त्याचे तुकडे. त्यापलीकडे पंचविसावा पडदा होता. तिथे अ‍ॅकरमन यांचा आवाज ऐकू येई : आधी हिब्रू बायबलमधला मूर्तीनिषेधाचा उतारा, मग त्यांचे स्वतःचे निवेदन.