चालीची लेखणी : मारे यांच्या सुवाह्य गतिलेखकाची मांडणी आणि वाचन

पॅरिस येथे १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ला माशिन आनिमाल’ या ग्रंथात धावणाऱ्या माणसाचे एक चित्र आहे. त्याच्या पायांत जाड तळव्यांचे विचित्र जोडे आहेत. जोड्यांतून निघालेल्या रबरी नळ्या अंगावरून वर चढून त्याच्या हातातील एका लहानशा यंत्रात शिरतात. डोक्यावरही एक उपकरण बसविलेले असून त्याचीही नळी त्याच यंत्राकडे जाते. ग्रंथाचे कर्ते एत्येन-ज्यूल मारे (१८३०-१९०४) हे कॉलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक होते. शरीराच्या हालचालींची नोंद ठेवणारे आणि चालणाऱ्याने स्वतःबरोबर वागवावयाचे जे गतिलेखक आज मनगटावर किंवा कमरेला बांधले जातात, त्यांच्या वंशवृक्षाचा शोध घेऊ लागल्यास या धावपटूपर्यंत येऊन पोचावे लागते. चित्रातील माणसाच्या पायांकडे आणि हाताकडे अभ्यासकांनी पुष्कळ लक्ष दिले आहे. डोक्यावरच्या उपकरणाकडे मात्र त्या मानाने दुर्लक्ष झाले. आणि खरा प्रश्न तेथेच आहे.

मारे यांच्यापूर्वी चालीचा अभ्यास झाला नव्हता असे नव्हे. जर्मनीत वेबर बंधूंनी १८३६ साली मानवी चालीच्या यंत्रशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला होता. परंतु प्रत्यक्ष हालचाल घडत असताना तिची अखंड रेषा उमटविण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. ते साधन शरीरक्रियाविज्ञानाच्या दुसऱ्याच दालनात तयार झाले. कार्ल लुडविग यांनी १८४० नंतरच्या दशकात रक्तदाबाची नोंद घेण्यासाठी फिरता दंडगोल वापरला. मारे यांनी १८६० च्या सुमारास नाडीची रेषा काढणारे यंत्र सिद्ध केले आणि पुढे पशुवैद्य ओग्यूस्त शोव्हो यांच्यासह घोड्याच्या हृदयाच्या ठोक्यांचे आलेख घेतले. या सर्व कामांतून एक साधी योजना निघाली. पातळ रबराचा पडदा ताणलेली एक चपटी डबी हालचालीच्या जागी ठेवावयाची, तशीच दुसरी डबी लेखणीच्या तरफेखाली ठेवावयाची आणि दोन्ही रबरी नळीने जोडावयाच्या. पहिलीवर दाब पडला की हवा दुसरीकडे सरकते, पडदा फुगतो आणि लेखणी उचलली जाते. काजळी धरलेल्या कागदावर लेखणीचे टोक पांढरी रेषा ओढते.

प्रयोगशाळेत दंडगोल एका जागी स्थिर ठेवून माणसाला त्याच्याभोवती फिरविता येते. कार्ले यांनी १८७२ साली प्रसिद्ध केलेले मानवी चालीचे प्रयोग या प्रकारचे होते. तथापि नळीने यंत्राला बांधलेला माणूस मोकळेपणाने धावू शकत नाही, आणि घोड्याला तर अशा दाव्याने बांधून चौखूर उधळविणे शक्यच नाही. तेव्हा धावणाऱ्याला यंत्राकडे आणण्याऐवजी यंत्रच धावणाऱ्याच्या हाती देणे एवढाच मार्ग उरला. हा बदल बोलावयास सोपा असला, तरी त्यामुळे मांडणीची सगळी शिस्तच बदलली.

लहान दंडगोल म्हणजे थोडा कागद. घड्याळी यंत्रणेची चावी दिल्यावर तो फिरू लागतो. आणि लेखण्या सुरुवातीपासून टेकलेल्या असल्या तर धावपटूने वेग घेण्यापूर्वीच कागद रेषांनी भरून जावयाचा. म्हणून मारे यांनी लेखण्या दंडगोलापासून किंचित दूर ठेवल्या आणि धावणाऱ्याच्या दुसऱ्या हातात एक रबरी चेंडू दिला. चाल नियमित झाली की त्याने चेंडू दाबावयाचा. त्या दाबाने लेखण्या कागदाला टेकतात आणि मोजकीच पावले लिहिली जातात. नोंद केव्हा सुरू करावयाची हा निर्णय अशा रीतीने निरीक्षकाकडून निघून ज्याचे निरीक्षण व्हावयाचे त्याच्याच हाती गेला. आजच्या उपकरणाची कळ दाबताना ही गोष्ट कोणाच्या ध्यानातही येत नाही.

लेखण्यांची टोके एकाच उभ्या रेषेवर आहेत की नाहीत, हे आधी पाहावे लागे. दंडगोल थांबवून सर्व लेखण्या एकदा हलवावयाच्या आणि त्यांनी काढलेल्या लहान चापांवरून टोके किती मागेपुढे आहेत ते जाणून घ्यावयाचे, अशी या यंत्रांची रीत होती. टोकांतील केसभर अंतर म्हणजे काळातील फरक. तो न ओळखल्यास डावा पाय उजव्याच्या आधी टेकल्याची खोटी साक्ष कागद देतो. नळ्यांची लांबी सारखी ठेवण्याचे कारणही हेच. नळीतील हवेतून दाबाची लहर जवळजवळ ध्वनीच्या वेगाने जाते, म्हणजे एका मीटरला सेकंदाचा सुमारे तीनशेवा भाग लागतो. हा विलंब क्षुल्लक खरा, पण सर्व नळ्यांत समान असला तरच तो दुर्लक्षिता येतो. दंडगोलाचा वेग ठरविण्यासाठी सेकंदाला शंभर कंपने करणाऱ्या नादकाट्याची रेषा घेत. शेवटी कागद लाखेच्या पातळ द्रावणात बुडवून काजळी पक्की करीत; तोवर एका बोटाच्या स्पर्शाने सारे श्रम पुसले जात.

घोड्याच्या बाबतीत अडचणी वाढल्या. खुरांखाली केसांनी भरलेले रबरी गोळे बसविले, पण कठीण रस्त्यावर ते लवकर झिजत. म्हणून पायाला बांधावयाचा एक पट्टा करण्यात आला. त्यात शिशाची गोळी पाय आपटताच पडद्यावर आघात करी. स्वार एका हातात गतिलेखक धरी आणि दुसऱ्या हातात लगाम व चेंडू. चार पायांच्या चार रेषा एकमेकींत गुंतल्यामुळे त्यांचे वाचन कठीण होई. यासाठी मारे यांनी त्या रेषांवरून एक चिन्हपद्धती बनविली. पाय जमिनीवर असेल तेवढा काळ एक आडवी पट्टी, उचललेला असेल तेवढा काळ रिकामी जागा. उजव्या पायाची पट्टी पांढरी, डाव्याची रेघांनी भरलेली. संगीताच्या स्वरलिपीवरून सुचलेली ही लिपी इतकी सुबोध ठरली, की कर्नल द्यूऊसे यांना तिच्या आधाराने घोड्याची चित्रे काढता आली.

मराठीला घोड्याच्या चालींचे शब्द उणे नाहीत. दुडकी, रहवाल, चौखूर ही नावे स्वाराच्या बैठकीने आणि कानाने दिलेली आहेत. एका बाजूचे दोन्ही पाय बरोबर पडतात की कर्णातील पाय, हे रहवाल चालीवर बसलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. मारे यांच्या पट्ट्यांनी या भेदांना कालमान दिले. चौखूर धावणारा घोडा काही क्षण पूर्णपणे अधांतरी असतो हेही त्यांनी दाखविले. मात्र त्या क्षणी पाय कोठे असतात, हे पट्ट्या सांगू शकत नव्हत्या. जेरिको यांच्या १८२१ च्या एप्सम येथील शर्यतीच्या चित्रात घोड्यांचे पाय पुढे व मागे लांब ताणलेले आहेत आणि घोडे अधांतरी आहेत. गतिलेखकाची नोंद या चित्राला खोटे ठरवीत नव्हती. किंबहुना अधांतराच्या बाबतीत तिला दुजोराच देत होती. मायब्रिज यांनी लेलंड स्टॅनफर्ड यांच्यासाठी १८७८ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात घेतलेल्या छायाचित्रांनी दाखविले, की अधांतराच्या वेळी पाय पोटाखाली गोळा झालेले असतात. ती छायाचित्रे पाहून मारे यांनी त्याच वर्षी डिसेंबरात ‘ला नात्यूर’ या नियतकालिकाला उत्साहाने पत्र लिहिले, ते उगीच नव्हे. स्पर्शाचा काळ लिहिणाऱ्या यंत्राला जागेविषयी काहीच ठाऊक नसते, हे त्यांना उमगले असले पाहिजे.

आता डोक्यावरील उपकरणाकडे वळावयाचे. ते लाकडाच्या तुकड्यावर बसविलेले असून तो तुकडा मेणाने डोक्यावर चिकटविलेला असे. डबीच्या पडद्याला जोडलेल्या तरफेच्या टोकाशी शिशाचे वजन होते. मारे यांचा तर्क असा : शरीर वर गेले तरी शिसे जडत्वामुळे मागे राहते, म्हणून पडदा दबतो, शरीर खाली आले की उलट घडते, सबब लेखणीची रेषा म्हणजे शरीराचा चढउतार. ही रेषा पावलांच्या रेषांच्या शेजारी ठेवून त्यांनी धावण्याविषयी एक चमत्कारिक निष्कर्ष काढला. पाय जमिनीवर टेकलेला असतो त्या काळाच्या मध्यास शरीर सर्वांत उंच असते आणि दोन्ही पाय अधांतरी असतात तेव्हा सर्वांत खाली. याचा अर्थ, धावणारा हवेत फेकला जातो म्हणून पाय सुटतात असे नसून तो पाय आखडून घेतो म्हणून सुटतात.

वस्तुस्थिती नेमकी याच्या उलट आहे. धावताना शरीराचा गुरुत्वमध्य पायावर भार असण्याच्या मध्यकाळी सर्वांत खाली असतो, त्या वेळी गुडघा वाकलेला असतो. आणि सर्वांत उंच असतो तो अधांतरी. साध्या चालण्यात मात्र एका पायावरील आधाराच्या मध्यास शरीर उंच होते. म्हणजे मारे यांचा निष्कर्ष चालण्याला लागू पडतो, धावण्याला नाही.

एवढ्या सावध प्रयोगकर्त्याची ही चूक हलगर्जीपणाची म्हणता येत नाही. यंत्राच्या रचनेवरून आणि आलेल्या फळावरून तिचा असा अन्वय लावणे युक्त दिसते. जडत्वाचे वजन स्थितिस्थापक आधारावर टांगले, की त्याची वागणूक आधाराच्या ताठपणावर अवलंबून राहते. आधार अतिशय सैल असेल आणि वजनाच्या स्वतःच्या आंदोलनाचा काळ पावलाच्या काळाहून पुष्कळ मोठा असेल, तर वजन खरोखरच जागच्या जागी राहते, डबी त्याच्याभोवती वरखाली होते आणि रेषा विस्थापनाची मिळते. भूकंपमापकाचे तत्त्व हेच आहे. आधार ताठ असेल तर वजन डबीबरोबरच हलते आणि फक्त त्वरणाच्या प्रमाणात मागे पडते. तेव्हा रेषा मिळते ती त्वरणाची. लहानशा रबरी पडद्यावरील शिसे दुसऱ्या प्रकारात मोडले असणार. धावताना वरच्या दिशेचे त्वरण सर्वाधिक असते ते पायावरील भाराच्या मध्यकाळी, म्हणजे शरीर सर्वांत खाली असताना. शिखर त्वरणाचे होते. मारे यांनी ते उंचीचे म्हणून वाचले. लेखणीने खोटे लिहिले नव्हते, तिच्या लिपीतील अक्षराचा उच्चार वाचकाने चुकीचा केला होता.

पाच वर्षांनी, १८७८ साली, ‘ला मेतोद ग्राफिक’ या ग्रंथात मारे यांनी आलेख म्हणजे खुद्द घटितांचीच भाषा होय अशा आशयाची भूमिका घेतली. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती मान्य करणे अवघड आहे. घटिते लिहीत नाहीत. लिहिते ते यंत्र, आणि प्रत्येक लिपीप्रमाणे तेही काही भेद नोंदविते, काही गाळते. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने हे बोलण्याचा अधिकार मात्र ऐतिहासिक आहे. पॅरिसच्या भाषाविज्ञान-मंडळाने उच्चारणातील हालचालींची नोंद घेण्याचा प्रश्न मारे यांच्या प्रयोगशाळेपुढे ठेवला होता, आणि तेथे रोझापेली यांनी लुई आव्हे यांच्या साह्याने केलेले काम १८७६ साली प्रसिद्ध झाले. तीन लेखण्या होत्या : एक ओठांच्या हालचालीची, एक कंठातील कंपनांची, एक नाकावाटे निघणाऱ्या हवेची. प, ब, म हे तीन वर्ण त्यांखाली उच्चारले, की ओठांची रेषा तिन्हींत मिटण्याची खूण देते, कंठाची रेषा ब आणि म या दोहोंत थरथरते आणि नाकाची रेषा केवळ म मध्ये उचलली जाते. प्रातिशाख्ये आणि शिक्षाग्रंथ यांच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला यात स्थान, घोष आणि अनुनासिकत्व यांची तिहेरी विभागणी तत्काळ ओळखू येईल. येथे नोंद बिनचूक वाचली गेली, कारण काय शोधावयाचे ते लेखणीपूर्वीच ठाऊक होते. चालीच्या बाबतीत तशी पूर्वपरंपरा नव्हती.

ॲबे रूस्लो यांनी या साधनांचा उपयोग एका जिवंत बोलीसाठी केला. त्यांचा १८९१ चा प्रबंध सेलफ्रुएँ या खेड्यातील एका कुटुंबाच्या बोलीवर आहे, आणि ते कुटुंब त्यांचे स्वतःचेच होते. परक्याने तोंडाशी धरलेली नळी आणि मुलाने धरलेली नळी यांच्यासमोर आईचे बोलणे सारखेच होईल असे मानण्याचे कारण नाही. हातात यंत्र घेऊन धावणाऱ्याच्या चालीविषयीही तीच शंका घेता येते.

सध्याच्या गतिलेखकात काजळी नाही, नळ्या नाहीत. सिलिकॉनच्या सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेले वजन मात्र आहे. मारे यांच्या शिशाचाच तो अतिसूक्ष्म वंशज, आणि तोही उंची लिहीत नाही. स्थिर ठेवलेले उपकरणसुद्धा गुरुत्वामुळे ९·८ मीटर प्रति सेकंदवर्ग एवढा आकडा दाखविते. त्वरणावरून स्थान काढण्यासाठी दोनदा संकलन करावे लागते, आणि त्यात शून्याची चूक काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते : ०·०१ मीटर प्रति सेकंदवर्ग एवढी चूक एका मिनिटात स्थानामध्ये १८ मीटरची होते. म्हणून नोंद सुरू करण्यापूर्वी उपकरण काही वेळ निश्चल ठेवणे, त्याचे अक्ष शरीराच्या कोणत्या दिशांना लागले ते टिपणे, आणि बांधणी सैल नाही हे पाहणे ही कामे आजही टळलेली नाहीत. उच्चारणाच्या अभ्यासात जिभेवर लहान संवेदक चिकटवून चुंबकीय क्षेत्रात त्यांचे स्थान मोजतात, तेव्हा एक संवेदक नाकाच्या मुळाशी किंवा कानामागे लावतात. जिभेच्या नोंदीतून डोक्याची हालचाल वजा करावयाची असते ती त्यावरून.