प्रूफ सोन्याची नाणी

प्रूफ सोन्याची नाणी : बाजारात फिरण्यासाठी नव्हे, तर संग्रहासाठी पाडलेली सोन्याची नाणी. 'प्रूफ' हा शब्द दर्जा सांगत नाही, पाडण्याची रीत सांगतो. नवशिक्यांची पहिली गफलत इथेच होते. ओरखडे पडलेले प्रूफ नाणेही प्रूफच राहते, फक्त त्याची किंमत पडते. टांकसाळीत नव्या ठशाची परीक्षा घेण्यासाठी असे नमुने काढण्याचा प्रघात होता, त्याचाच पुढे शौक झाला.

ठसे आणि चकती दोन्ही घासून आरशासारखी केली जातात. नंतर सावकाश, भारी दाबाने दोन किंवा अधिक वेळा छाप मारतात आणि नाणे हातमोज्यांनीच उचलतात. सपाट भाग लखलखीत आणि त्यावरील चेहरा वा चित्र दुधाळ, अशी भेदरेषा स्पष्ट उमटली तर त्याला कॅमिओ म्हणतात. ती फार ठळक असली की अल्ट्रा कॅमिओ किंवा डीप कॅमिओ. रिव्हर्स प्रूफमध्ये सारे उलटे, म्हणजे चित्र चकाकते आणि पार्श्वभूमी धुकट. अमेरिकी टांकसाळीने २००६ साली गोल्ड ईगलच्या विसाव्या वर्षी असा नमुना काढला. मॅट प्रूफमध्ये अख्खे नाणेच निस्तेज असते. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या १९०२ च्या संचातील गिन्न्या अशा आहेत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्या वापरून झिजल्यासारख्या वाटतात.

दर्जा मोजण्याची पट्टी १ ते ७० अंकांची आहे. विल्यम शेल्डन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी ती मांडली. पुढे पीसीजीएस (१९८६) आणि एनजीसी (१९८७) या संस्था निघाल्या आणि नाणे तपासून, अंक देऊन, पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून देण्याचा धंदा रुळला. पाचपट मोठे करून पाहिले तरी टांकसाळीबाहेर पडल्यावर लागलेला एकही डाग दिसू नये, तेव्हा ७०. एका नजरेत न दिसणारी एक रेघ निघाली की ६९. सोने दोन्हीत तेवढेच असते, भावात मात्र मोठी तफावत पडते. सोनाराच्या तराजूची सवय असलेल्याला हा प्रकार चमत्कारिक वाटतो आणि तसा तो आहेही.

मुंबईच्या टांकसाळीचे सोन्याच्या नाण्यांतले ठळक प्रकरण १९१८ चे. पहिल्या महायुद्धात इंग्लंडहून गिन्न्यांची पाठवणी जोखमीची झाली होती आणि रुपयांसाठी चांदी अपुरी पडत होती. १५ रुपयांना एक गिन्नी हा दर आधीपासून ठरलेला होता. तेव्हा मुंबईत १५ रुपयांची सोन्याची मोहोर पाडण्यात आली : गिन्नीइतकेच ७.९८ ग्रॅम वजन, २२ कॅरट, एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसरीकडे वेलबुट्टीच्या चौकटीत किंमत आणि साल. संख्या सुमारे २१ लाख. त्याच वर्षी लंडनच्या शाही टांकसाळीची शाखा मुंबईत उघडली आणि तिने सुमारे १३ लाख गिन्न्या पाडल्या. १९१९ मध्ये ती बंदही झाली. या गिन्न्या ओळखायच्या तर ड्रॅगनशी लढणाऱ्या घोडेस्वाराच्या पायाखाली, सालाच्या वर, जमिनीच्या रेषेवर बारीक 'आय' अक्षर शोधावे, भिंग लागतेच. भारतासाठी चलनी सोन्याचे नाणे त्यानंतर निघाले नाही. भारतीय टांकसाळींनी संग्राहकांच्या मागणीवरून जुन्या ठशांवरून पुन्हा छापलेल्या मोहोरा बाजारात आहेत, म्हणून 'प्रूफ' म्हणून समोर आलेली मोहोर मूळची की पुनर्मुद्रित, हे आधी विचारावे. मुंबईच्या टांकसाळीची आधुनिक प्रूफ नाणी पूर्वी 'बी' खुणेची असत, शहराचे नाव बदलल्यावर ती 'एम' झाली. २०१५ च्या नोव्हेंबरात निघालेले अशोकचक्राचे २४ कॅरटचे 'इंडियन गोल्ड कॉइन' चलन नव्हे, ती बचतीची वस्तू आहे.

कायद्याची अडचण मात्र खरी आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षे उलटलेले नाणे पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे १९१८ ची मोहोर २०१८ पासून या कक्षेत आली. दर्जा देणाऱ्या मोठ्या संस्था बाहेर आणि नाणे इथे. डबीबंद, अंक लिहिलेली मुंबईची मोहोर दिसली तर ती बहुधा पूर्वीच बाहेर गेलेली असते. डब्याही नकली येतात. वरचा क्रमांक संस्थेच्या नोंदीतील छायाचित्राशी ताडून पाहावा. जमिनीत सापडलेल्या नाण्याला १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो, ते परस्पर विकता येत नाही.

वसई पट्ट्यातील आगाशीत सोन्याच्या नाण्यांच्या छंदाचे स्वरूप वेगळे आहे. सुकेळीसाठी (वाळवलेल्या केळ्यांसाठी) नावाजलेल्या, एकेकाळी जहाजबांधणीचे बंदर असलेल्या या गावात सोन्याचे नाणे ठेवायचे नसे, ल्यायचे असे. वसई पट्ट्यात, किंबहुना साऱ्या महाराष्ट्रात, पुतळ्यांची माळ हा वारशाचा दागिना. पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचा डुकॅट : १२८४ पासून पाडलेले, सुमारे साडेतीन ग्रॅमचे, जवळजवळ शुद्ध सोन्याचे नाणे, अरबी समुद्राच्या व्यापारातून इकडे आलेले. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला डोजे, म्हणजे व्हेनिसचा राज्यकर्ता, दुसरीकडे ताऱ्यांच्या महिरपीत ख्रिस्त. या मानवी आकृत्यांवरूनच पुतळी हे नाव आले.

अशा नाण्याला सोनार वरच्या काठाशी कडी डाखतो, मग पुतळी रेशमी दोऱ्यात ओवली जाते आणि सण आला की रिठ्याच्या पाण्यात जुन्या ब्रशने घासून निघते. या प्रत्येक गोष्टीमुळे शेल्डनच्या पट्टीवर नाणे घसरते. कडी काढली तरी काठावर डाखाचा ठिपका राहतो. दर्जा देणारे अशा नाण्याला अंक न देता 'दागिन्यातून काढलेले' असा शेरा मारतात. माझ्या मते तो शेरा नाण्याची माहितीच देतो, पण विकणाऱ्याला तो झोंबतो. रिठ्याने घासल्याच्या केसासारख्या रेघा तिरप्या उजेडात धरल्यावरच दिसतात, तर २२ कॅरटच्या नाण्यावरचा तांबूस डाग कुणी काही न करताही उमटतो.

पुतळी खरी व्हेनिसची की इथल्या सोनाराने घडवलेली, हे दर्जाच्या अंकाआधी पाहावे. खऱ्या डुकॅटवर डोजेच्या नावाची अक्षरे वाचता येतात, नकलेत तिथे नुसत्या उभ्या-आडव्या रेघा असतात. वजनही साडेतीन ग्रॅमपासून बरेच ढळलेले असू शकते.