मक्त्याने दिलेली मुले

मक्ता हा शब्द आपल्याला नवा नाही. आठवडेबाजाराचा मक्ता, नदीतल्या वाळूचा मक्ता, एके काळचा जकातनाक्याचा मक्ता! ज्याची बोली सरकारला फायद्याची, त्याला मक्ता मिळतो आणि मग तो आपला फायदा कसा काढतो, हेही आपण गावोगाव पाहत आलो आहोत. पण पोरांचा मक्ता? मनाने खचलेल्या, घरातून उठवलेल्या, रात्री किंचाळून जाग्या होणाऱ्या मुलांचा मक्ता? अशी एक रीत पश्चिमेकडे फार जुनी आहे आणि अमेरिकेत ती नव्या नावाने, नव्या कायद्यांनी बांधलेली आजही चालू आहे. फराळाच्या ताटाशेजारी हा विषय जरा जड वाटेल. पण ताटाभोवती मुले बसलेली असतातच. म्हणून त्यांच्यासारख्याच काही मुलांची हकीकत सांगतो.

प्रथम लंडनला जाऊ. साल १८४८. गरिबांना पोसण्याची जबाबदारी तिथे गावोगावच्या निवडलेल्या पालकमंडळांकडे असे. लंडनच्या मंडळांपाशी अनाथ आणि निराधार मुले पुष्कळ, जागा थोडी. तेव्हा शहराबाहेर टूटिंग नावाच्या गावी ड्रुए नावाच्या गृहस्थाने मोठे निवासगृह काढले होते, तिथे मुले पाठवायची आणि दर मुलामागे आठवड्याला साडेचार शिलिंग मोजायचे, असा व्यवहार ठरला. मुले किती? सुमारे १,४००! साडेचार शिलिंगांत खाणे, कपडा, शिक्षण सगळे आले. आणि त्यातून जे उरेल ते ड्रुएसाहेबांचे. हिशेब इतका सोपा आहे की, मुलाच्या ताटातला बटाटा जितका लहान तितकी मालकाची शिल्लक मोठी, हे तिसरीतल्या पोरालाही कळावे.

मंडळाचे सभासद अधूनमधून पाहणीला येत. १८४८ मध्येच अशी एक भेट झाली. कोणाची काही तक्रार असेल त्याने हात वर करावा, असे एका सभासदाने मुलांना सांगितले, आणि कित्येक हात वर गेले. ड्रुएसाहेब तिथेच उभे होते. ते संतापले, हात वर करणाऱ्यांपैकी एका मुलाला त्यांनी सर्वांदेखत खोटारडा ठरवले. मंडळ परत गेले. मुले तिथेच राहिली.

मी शाळामास्तर आहे. तपासणीचे साहेब येण्याच्या आदल्या दिवशी भिंती कशा रंगतात, हे मी जाणतो. साहेबांसमोर आणि मास्तरांदेखत “काही अडचण आहे का रे?” ह्या प्रश्नाला हात वर करायला मुलाच्या अंगी किती बळ लागते, तेही जाणतो. टूटिंगच्या त्या भोजनगृहात हात वर झाले, ह्याचे मला जितके आश्चर्य वाटते तितके त्यानंतर काहीच घडले नाही ह्याचे वाटत नाही.

त्याच वर्षाच्या अखेरीस तिथे पटकी शिरली. दाटीवाटीने ठेवलेली मुले, आजारी पोरे एकाच बिछान्यात अनेक, बाहेर उघडे घाण पाणी. पाहता पाहता सुमारे १८० मुले गेली. आणि आता हद्दीची गंमत पहा. टूटिंग सरे परगण्यात होते. तिथल्या मृत्युचौकशी अधिकाऱ्याला चौकशीची गरज वाटली नाही. पण होबर्न मंडळाने आपली मुले घाईघाईने लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात हलवली आणि त्यांतली काही तिथे दगावली. ती जागा टॉमस वॅकली ह्या दुसऱ्या अधिकाऱ्याच्या हद्दीत होती. हा वॅकली म्हणजे ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय पत्राचा संस्थापक, स्वभावाने खमक्या! त्याने चौकशी लावली, पंचांनी ड्रुएवर मनुष्यवधाचा ठपका ठेवला. म्हणजे सरेच्या हद्दीत मेलेल्या मुलांविषयी कोणी विचारले नाही. हद्द ओलांडून मेलेल्यांनी सगळ्यांची दाद लावली. चार्ल्स डिकन्सने ‘एक्झामिनर’ पत्रात ह्या प्रकरणावर कडाडून लिहिले. पुढे ‘ब्लीक हाउस’ ह्या कादंबरीत त्याने गस्टर नावाची फिट्स येणारी मोलकरीण रंगवली, ती ह्याच टूटिंगमध्ये वाढलेली आहे. खटला मात्र एप्रिल १८४९ मध्ये सुटला. मुलांना चांगले खायला मिळाले असते तर ती पटकीतून वाचलीच असती, हे कोणी सिद्ध करायचे?

अमेरिकेत ह्याच सुमाराला रीत निराळी, पण नाते तेच. न्यू इंग्लंडच्या गावांतून गरिबांचा आणि वेड्यांचा लिलाव होई. लिलाव उलटा! जो सर्वांत कमी पैसे मागेल त्याच्या घरी वर्षभर तो माणूस. १८४१ साली डोरोथिया डिक्स नावाची शिक्षिका मॅसेच्युसेट्समधल्या ईस्ट केंब्रिजच्या तुरुंगात बायांना धर्मपाठ शिकवायला गेली. तिथे तिला वेड लागलेल्या स्त्रिया शेगडीवाचून थंडीत ठेवलेल्या दिसल्या. मग ती गावोगाव हिंडली, पिंजरे, तळघरे, साखळदंड स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, टिपून ठेवले आणि १८४३ साली विधिमंडळाला निवेदन दिले. तिचा आग्रह असा की, हे काम गावाच्या काटकसरीवर सोडू नका, राज्याने रुग्णालये बांधावीत. ती बांधली गेली आणि पुढल्या शंभर वर्षांत तीच इतकी मोठी आणि इतकी कोंदट झाली की, ती रिकामी करा, अशी ओरड सुरू झाली. सरकारने स्वतः चालवले म्हणजे सगळे नीट चालते, ह्या समजुतीला इतिहासाचा आधार नाही, हे मक्तेदारांना शिव्या देणाऱ्या माझ्यासारख्यांनी ध्यानात ठेवलेले बरे.

कॅलिफोर्नियाने १९५७ साली शॉर्ट-डॉयल कायदा करून मानसिक उपचारांसाठी कौंट्यांना पैसे देण्यास सुरुवात केली. कौंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. त्या राज्यात अशा ५८ आहेत आणि कारभार निवडून आलेल्या मंडळाकडे असतो. कौंट्या स्वतःची निवासगृहे फारशी काढीत नाहीत. आईबापांकडून न्यायालयाने काढून घेतलेली, चार घरी ठेवून पाहिलेली आणि चारही घरांतून परत आलेली, स्वतःला इजा करणारी मुले त्या खाजगी संस्थांकडे पाठवतात. त्यासाठी करार होतो: जुलै ते जून असे वर्ष, कमाल रक्कम अमुक, सेवा अमुक. गरिबांच्या औषधपाण्याची ‘मेडी-कॅल’ नावाची योजना आहे, तिच्यातून खर्चाचा मोठा वाटा वॉशिंग्टनहून येतो. मंडळाच्या सभेत असे करार बहुधा इतर किरकोळ कामांच्या यादीत घालून एकदम मंजूर केले जातात. रस्त्याचे डांबर आणि मुलाचे मन एकाच ठरावात!

२०१५ च्या कायद्याने जुनी ‘ग्रूप होम’ बंद करून थोड्या मुदतीची उपचारगृहे आणायचे ठरले. मुलाला तिथे साधारणपणे सहा महिन्यांहून अधिक ठेवू नये, संस्थेपाशी राज्याचा परवाना असावा, मानसिक उपचारांना वेगळी मान्यता असावी आणि कौंटीशी करार असावा, अशा अटी आल्या. अटी चांगल्या आहेत. पण हद्दीचे भांडण इथेही उभे राहिले! एका कौंटीचे मूल दुसऱ्या कौंटीत ठेवले तर त्याच्या उपचाराचा भार कोणावर? २०१६ च्या कायद्याने म्हटले, जिथे मूल राहते त्या कौंटीवर. मग अशी गृहे जिथे पुष्कळ, त्या कौंट्यांवर बोजा पडू लागला आणि २०२२ मध्ये ह्या उपचारगृहांपुरता तो नियम फिरवावा लागला. सरे आणि मिडलसेक्स ह्या परगण्यांच्या मधली ती रेघ मला इथेही दिसते.

ज्यांना राज्यात कोणी घेईना, अशी मुले कौंट्या परराज्यांत पाठवू लागल्या. शेकडो मैल दूर, ओळखीचे माणूस महिनोन् महिने भेटायचे नाही. अशी गृहे चालवणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या मिशिगनमधल्या जागेत १६ वर्षांच्या एका मुलाने जेवताना पावाचा तुकडा फेकला. माणसांनी त्याला जमिनीवर दाबून धरले आणि तो गेला. ही गोष्ट २०२० ची, १८४८ ची नव्हे! मूल कॅलिफोर्नियाचे नव्हते, तरी तिथेही ओरड झाली. वृत्तपत्रांनी करार आणि तपासणीचे अहवाल बाहेर काढले. त्या वर्षाच्या डिसेंबरात राज्याने परराज्यांतली शंभराहून अधिक मुले परत आणण्याचा निर्णय घेतला आणि २०२१ मध्ये त्यासाठी कायदाही केला. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सिनेटच्या वित्त समितीने अशा गृहांवर मोठा अहवाल काढला. त्यातला एक मुद्दा ड्रुएच्या हिशेबाची आठवण करून देणारा आहे: दर दिवसाला ठरावीक रक्कम मिळते, तेव्हा खाटा भरलेल्या आणि नोकर थोडे, ह्यातच नफा आहे.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, चांगली गृहेही आहेत. पाचसहा मुलांचे साधे घर, रात्री जागी असणारी माणसे, तेच तेच चेहरे रोज. अशा मुलांना कोणी तरी आज होते आणि उद्याही आहे, एवढे कळायलाच काही आठवडे लागतात. पण अशी घरे महाग पडतात आणि नोकर टिकत नाहीत. नवा कायदा आल्यावर कित्येक संस्थांनी कामच सोडले.

परत आणलेल्या आणि नव्याने आलेल्या मुलांना ठेवायचे कोठे, हा प्रश्न उरलाच. राजधानीच्या सॅक्रामेंटो कौंटीत काही मुलांना कौंटीच्या कचेरीत रात्री काढाव्या लागल्या. मग २०२२ मध्ये त्यांना एका बंद पडलेल्या बालगुन्हेगारांच्या कोठडीगृहात हलवले, कोठड्यांच्या भिंती रंगवून. तेव्हा राज्याच्या परवाना खात्याने कौंटीलाच बजावले की, ह्या जागेत मुले ठेवण्याचा परवाना तुमच्यापाशी नाही.