चुकलेल्या ठोक्यांची कुळकथा

अकोल्यापेक्षा अमरावतीला सूर्य तीन मिनिटे आधी डोक्यावर येतो. दोन्ही गावांच्या रेखांशांत सुमारे पाऊण अंशाचा फरक आहे आणि दर अंशाला चार मिनिटे. घटिकापात्राच्या काळात या फरकामुळे कोणाचे अडत नव्हते. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती 24 मिनिटांत बुडाली की एक घटका भरली. राखणदाराला डुलकी लागली, तर मात्र वाटी तळाशी पडून राहायची आणि मोजणी तुटायची.

1867 साली भुसावळहून अकोला, बडनेरा करत रेल्वे नागपूरला पोचली. पुढे रेल्वेने मद्रासची वेळ धरली. ती अकोल्याच्या वेळेपेक्षा 13 मिनिटे पुढे. 1 जानेवारी 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ आली आणि अंतर 22 मिनिटांचे झाले. आता आपल्या सूर्याशी नव्हे, दुसऱ्या गावाशी जुळणारे घड्याळ अचूक ठरू लागले.

संगणकानेही हाच रस्ता धरला. त्याचा क्वार्ट्झ स्फटिक दिवसाला एखाद-दोन सेकंद सहज चुकतो. डेव्हिड मिल्स यांच्या नेटवर्क टाइम प्रोटोकॉलने (एनटीपी) 1985 पासून संगणकाला दुसऱ्याला वेळ विचारायला शिकवले: निरोप कधी निघाला, कधी पोचला, उत्तर कधी निघाले, कधी आले, या चार नोंदींवरून वाटेतला उशीर वजा होतो.

व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात, तो डुलकी लागलेला जुना राखणदार पुन्हा भेटतो. एकच प्रोसेसर अनेक मशीन वाटून घेतात. आपली पाळी नसताना मशीन झोपलेले असते आणि टायमरचे ठोके चुकतात. ते मागाहून भराभर पोचवले की मागे पडलेले घड्याळ धावत सुटते. केव्हीएम-क्लॉक या आभासी घड्याळाने ठोके मोजणेच सोडले. मूळ यंत्र काउंटरचा हिशेब मेमरीच्या सामाईक पानावर मांडते, आतले मशीन तो वाचून वेळ काढते. या साऱ्या घराण्यातली मला ही सर्वांत शहाणी सुधारणा वाटते. उरलेला फरक क्रोनी हा एनटीपी वापरणारा प्रोग्रॅम घड्याळाचा वेग किंचित बदलून भरून काढतो, कारण काटे एकदम मागे ओढले तर व्यवहारांच्या नोंदी उलट्यासुलट्या होतात.

सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशानुसार सर्व्हरची वेळ एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळती हवी. वऱ्हाडात कॉलेजचे किंवा पतसंस्थेचे सर्व्हर सांभाळणाऱ्यांनो, थांबवलेले मशीन पुन्हा सुरू केलेत की कामाला लागण्याआधी ‘क्रोनीसी ट्रॅकिंग’ ही आज्ञा चालवून फरक बघा.