स्मृतीच्या वनस्पती आणि रक्तवाहिन्यांचा प्रश्न

वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, आयुर्वेद महाविद्यालय काढले, तेव्हा वैद्यांच्या विद्येला सरकारदरबारी थारा नव्हता. मुंबई इलाख्यातल्या १९१२ च्या कायद्याने नोंदणीची सोय केली ती पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या डॉक्टरांची. वैद्यांना त्यासाठी १९३८ च्या कायद्याची वाट पाहावी लागली. गुणेशास्त्रींनी ‘औषधिगुणधर्मशास्त्र’ हा ग्रंथही लिहिला. औषध कोणत्या अवस्थेत आणि का लागू पडते, हे सांगण्याची जबाबदारी वैद्याने घ्यावी, हा त्यांचा आग्रह मला नगरच्या वैद्यक-इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो. स्मरणशक्तीसाठी ब्राह्मी घ्या, असे सरसकट सांगितले जाते तेव्हा हाच आग्रह सुटलेला असतो.

बुद्धी मंदावण्याची एक अवस्था रक्तवाहिन्यांतून येते. मेंदूचे वजन शरीराच्या दोन टक्क्यांच्या आसपास, पण प्राणवायूचा जवळपास पाचवा हिस्सा तोच वापरतो. वर्षानुवर्षे रक्तदाब चढा राहिला की मेंदूतल्या बारीक धमन्यांच्या भिंती जाड होतात आणि खोलवरच्या भागांचा रक्तपुरवठा रोडावतो. अशा रुग्णाच्या जुन्या आठवणी बऱ्याचदा शाबूत असतात. विचार मंदावतो, हिशेब जमत नाहीत, कामाचा क्रम लावता येत नाही. चरकसंहितेने बुद्धीच्या बिघाडात धी (समज), धृती (मनावरचा ताबा) आणि स्मृती या तिन्हींचा विचार केला आहे. रक्तवाहिन्यांचा हा आजार आधी धी आणि धृतीला ग्रासतो, जाहिराती मात्र एकट्या स्मृतीबद्दल बोलतात. चरकाने सांगितलेली चार मेध्य रसायने मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी यांची आहेत. ब्राह्मी त्या चौघांत नाही. बाजारात ब्राह्मी म्हणून अनेकदा मंडूकपर्णीच मिळते, त्यामुळे एकीचा पिढीजात अनुभव दुसरीच्या नावे जमा झालेला असणे अगदी शक्य आहे.

या आजाराच्या मुळाशी खरोखर पोहोचलेली वनस्पती सर्पगंधा होय. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व रक्तदाब या दोन्हींवर तिचा उपयोग नोंदवला. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचे निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्या मुळातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या ३८० माजी सैनिकांवरच्या चाचणीत रेसर्पिन हे तीन औषधांपैकी एक होते; उपचार न मिळालेल्या गटात मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे २० झटके नोंदले गेले, उपचार मिळालेल्यांत ५. यावर कोणी म्हणेल, की हे बुद्धीचे औषध नव्हे आणि श्रेय तिघांत वाटले जाते. दोन्ही खरे आहे. रेसर्पिनने काहींना नैराश्य आले, म्हणून ते मागे पडले, हेही विसरता येत नाही. पण धमनी वाचली तर मेंदू वाचतो, हे दाखवण्यात एका भारतीय मुळीचा हात होता आणि तो मोजून सिद्ध झाला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत रक्तदाब अधिक काटेकोरपणे उतरवल्यावर सौम्य बौद्धिक ऱ्हास कमी झाला. स्मृतिभ्रंशही घटतो, हे मात्र तिथे ठामपणे सिद्ध झाले नाही.

ब्राह्मीतील बॅकोसाइड्सवर लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत १९६० च्या दशकापासून काम झाले आहे. पण रक्तपुरवठा रोडावण्याच्या या आजारासाठी वनस्पतिज द्रव्यांची परीक्षा बहुधा उंदरांच्या मानेतल्या धमन्या बांधून होते. तिला कमी लेखू नये, पण काही आठवडे रक्त रोखलेला उंदीर आणि तीस वर्षे रक्तदाब बाळगलेला म्हातारा यांच्यात मोठे अंतर आहे. गिंको या वनस्पतीचे उदाहरण समोर आहे: पंच्याहत्तरी गाठलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांवरच्या चाचणीचा निकाल २००८ मध्ये आला आणि स्मृतिभ्रंश टळल्याचे दिसले नाही. ब्राह्मीचीही अशीच परीक्षा व्हायला हवी, आणि तिची साधने नगर जिल्ह्यातच आहेत. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने ओळख पक्की केलेले रोप लावावे, गुणेशास्त्रींच्या महाविद्यालयाने कल्प, म्हणजे औषधाचे रूप, ठरवावा, लोणीच्या वैद्यकीय महाविद्यालयाने रुग्ण तपासावेत. रक्तदाबाचे औषध दोन्ही गटांना मिळालेच पाहिजे, ते कोणाचेही थांबवता येणार नाही. ब्राह्मी त्यावर काही भर घालते का, एवढेच शोधायचे, आणि तेही शब्द पाठ करायला लावून नव्हे, तर विचाराचा वेग आणि कामाची आखणी मोजून.