रुमाल आणि फोल्डर

नगरच्या एका कार्यालयात मोडी कागदांची छायाचित्रे लिनक्स संगणकावर ठेवली होती. हजारो, पण एकाच फोल्डरात. पणजोबांच्या इनामाचा कागद शोधत एक शेतकरी आला, आणि फोल्डर काही केल्या उघडेना. मी मदतीला बसलो.

दुखणे जुनेच होते. १९७९ च्या युनिक्समध्ये फोल्डर म्हणजे सोळा-सोळा बाइटांच्या नोंदींची साधी यादी. दोन बाइट क्रमांकाला, चौदा नावाला. नाव हवे तर आरंभापासून वाचायचे. पुढे डॅनियल फिलिप्स यांनी लिनक्सच्या फोल्डरांना सूची जोडली. एकेक नाव चटकन सापडू लागले. पण सगळी यादी मागितली, की प्रत्येक फाइलचा आकार नि तारीख चकतीवरून वेगळी आणावी लागते, मग क्रम लावायचा. खोळंबा तिथेच होता.

पेशवे दफ्तरातले कागद रुमालांत बांधलेले असत. आम्हीही तेच केले : गावागणिक फोल्डर, त्यात सालवार फोल्डर. जुना फोल्डर रिकामा झाला तरी संथच राहिला. नावे गेली तरी यादीने व्यापलेली जागा आकसत नाही. अखेर तो काढूनच टाकला.

शेतकऱ्याचा कागद त्याच्या गावाच्या फोल्डरात मिळाला. यंत्र नवे घ्यावे लागले नाही. गाठोडी तेवढी नीट बांधावी लागली.